लोखंडाचं विरजण

दिवा लाल लागला तेव्हा भरतेश मगदूम काचेच्या पलीकडे उभा होता आणि काचेच्या अलीकडे, मशीनजवळ, त्याची सख्खी मोठी बहीण उभी होती. दोघांनी दिवा पाहिला, मग एकमेकांकडे पाहिलं. त्या बघण्यात भाऊबहिणीचं काही नव्हतं.

"परत लाव," भरतेश म्हणाला.

"तीनदा लावलंय."

"चौथ्यांदा लाव की. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बाप आपला एकच होता भरतू, आणि तो गेला," पद्मजा म्हणाली. "तुझ्या मालात परकं लोखंड आहे. हजारात आठ भाग. चालतो एक."

"सगळं बीड सागरमंडळाचं, सीलबंद आणलंय. भट्टी निपटून काढली, नवं अस्तर लावलं. ह्यात परकं कुठनं येणार? तू घातलंस काय?"

पद्मजाने अहवालावर सही केली आणि ती प्रत काचेखालच्या फटीतून त्याच्याकडे सरकवली.

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत उगम तपासणी केंद्र होतं आणि डॉक्टर पद्मजा मगदूम त्याची प्रमुख होती. भरतेशची फौंड्री हायवेनेच पुढे, शिरोलीत. एका बेटावर समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना उभा राहत होता, त्याच्या पंपांच्या बॉड्या भरतेशने ओतल्या होत्या. आता एक लाल दिवा लागला होता. नियम असा, की परक्या लोखंडाचं मूळ शोधून महिन्याच्या आत नष्ट करायचं, नाहीतर फौंड्रीचं नाव सागरमंडळाच्या यादीतून कायमचं कटायचं. यादीतून नाव गेलं की बाहेरचे सोडाच, पुण्याचे मोठे कारखानेही दारात उभं करत नाहीत, कारण त्यांनाही पुढे माल बाहेर पाठवायचा असतो. आजोबांनी उभी केलेली भट्टी विझणार, इतका हा साधा मामला होता.

आता हे सागरमंडळ काय प्रकरण आहे, तेही सांगायला हवं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा चव्वेचाळीस देशांची माणसं अमेरिकेतल्या एका डोंगरी हॉटेलात बसली आणि जगाचा पैसा आणि व्यापार पुढे कसा चालावा ते ठरवून उठली. आपण तेव्हा पारतंत्र्यात, त्यामुळे आपलं पान मांडलं गेलं ते कोपऱ्यात. वाढणारे आपल्या माणसांना तूप जास्त वाढायचे, हेही सगळ्यांना दिसायचं. पण पंगत एक होती. भुकेला माणूस धक्काबुक्की करून का होईना, आत घुसू शकत होता, आणि आपण घुसलोही. पुढे कोपऱ्यातले लोक पोटभर जेवायला लागले तसं वाढप्यांच्या पोटात दुखायला लागलं. ज्यांनी नियम लिहिले होते त्यांनाच ते टोचू लागले आणि एके दिवशी त्यांनीच पंगत मोडली. उरली दोन मंडळं, सागरमंडळ आणि भूमंडळ. एकाच्या मालात दुसऱ्याचं लोखंड चालणार नाही, हा दोघांचाही पहिला नियम. आपण काही वर्षं दोन्ही डगरींवर हात ठेवून पाहिला. मग दोन्हीकडून तंबी आली आणि आपण सागरमंडळात जाऊन बसलो.

नियम आला की पळवाट येतेच. लोखंड भूमंडळातून घ्यायचं, तिसऱ्याच देशात उतरवायचं, तिथला शिक्का मारून सागरमंडळात विकायचं, हा धंदा काही वर्षं जोरात चालला. तो बंद पाडला उगममापकाने. माणसाची जात चारचौघांत विचारायची लाज वाटायला लागली, तेव्हा या लोकांनी लोखंडाची जात विचारायचं मशीन काढलं. शिरोलीच्या कामगारांनी त्याचं नाव ठेवलं कुंडली.

कुंडलीचं शास्त्र मात्र खोटं नव्हतं, आणि त्यातला थोडा भाग पद्मजाने स्वतः बसवला होता. लोखंड दिसायला सगळं सारखं, पण खाणीखाणीत त्याच्याबरोबर दुसऱ्या धातूंचे वेगवेगळे माग असतात. शिवाय लोखंडाचे अणूही सगळे एका वजनाचे नसतात. काही किंचित जड, काही किंचित हलके, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक खाणीचं निराळं. कुंडली लेसरचा एक टिपका मारून धातूची वाफ करते, वाफेतल्या अणूंना विद्युतभार देते आणि त्यांना चुंबकाच्या वळणावरून पळवते. हलका अणू चटकन वळतो, जड अणू बाहेर फेकला जातो, आणि वजनाप्रमाणे त्यांच्या वेगळ्या रांगा लागतात. त्या मोजायच्या आणि जगातल्या खाणींच्या संग्रहाशी ताडून बघायच्या. भट्टीत लोखंडाचा आकार जातो, गंज जातो, जुन्या मालकाचं नाव जातं, पण अणूचं वजन जात नाही.

हे सगळं इतकं नाजूक, की शेजारून ट्रक गेला तरी आकडे हलतात. म्हणून कुंडली बिडाच्या चार जाड पायांवर उभी होती, कारण बीड थरथर पिऊन टाकतं. ते पाय केंद्र बांधताना मगदूम फौंड्रीतच ओतले होते. प्रत्येकावर 'म' असा ठसा होता. मशीनच्या पायांची कुंडली काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पद्मजा मूळ शोधायला फौंड्रीत गेली. किती वर्षांनी आली हे तिलाच आठवेना. दस्तगीर मिस्त्री फाटकापाशी होते. वडिलांच्या वेळेपासून भट्टी त्यांच्याच ताब्यात होती आणि पांढरी दाढी सोडली तर ते तसेच होते.

"या अक्का," ते म्हणाले, आणि मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून, "या मॅडम."

तिने सगळं बघितलं. बिडाच्या सळ्यांवर बेलमार देशाच्या खाणीचं सील होतं. बेलमार सागरमंडळातला, म्हणजे ते चोख. अस्तर कोरं, वाळू स्वच्छ. सगळं नियमाप्रमाणे होतं. हजारात आठ भाग हवेतून तर आले नसणार.

"पहिल्यापासून सांगा मिस्त्री. भट्टीत सगळ्यात आधी काय पडलं?"

दस्तगीर मिस्त्रींनी मालकाकडे पाहिलं. भरतेशने छताकडे पाहिलं. आणि पद्मजाला एकदम कळलं. इतका वेळ कळलं नाही याचाच तिला राग आला.

"विरजण घातलंस," ती म्हणाली.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या टाकून दिलेल्या गाड्यांचा लिलाव झाला होता. आजोबांनी त्यातलं एका लॉरीचं इंजिन आणून फोडलं आणि त्याच्या लोखंडातून उसाच्या चरकाचा पहिला लाट, म्हणजे ऊस चिरडणारा रूळ, ओतला. ओतून उरलेला एक गोळा त्यांनी बाजूला ठेवला आणि पुढच्या कामाला तोच सगळ्यात आधी थंड भट्टीच्या तळाशी ठेवला. त्या ओतणीतून परत एक गोळा काढला. तेव्हापासून मगदुमांच्या भट्टीत हेच चाललं होतं. भट्टी कोळशाची होती ती विजेची झाली, पण विरजण चुकलं नाही. ठेवणाऱ्याने पायातलं काढायचं आणि ठेवून झालं की मागे न बघता बाहेर यायचं, अशी पद्धत होती.

पद्मजा दहा वर्षांची असताना एकदा चपला काढून भट्टीपाशी जाऊन उभी राहिली होती. वडील म्हणाले, "चप्पल घाल आणि घरी जा." मग त्यांनी तिच्यादेखत सहा वर्षांच्या भरतेशला कडेवर घेतलं आणि त्याच्या हातून विरजण ठेवलं. पुढे ती धातुशास्त्रात पहिली आली, डॉक्टर झाली, परत येऊन म्हणाली की मी भट्टी बघते. वडील म्हणाले, ऑफिसात बस, फोन घे. ती केंद्रात नोकरीला लागली त्याचं कारण हे होतं, आणि ते ती कुणाला सांगत नसली तरी स्वतःशी कधी नाकारतही नव्हती.

"मागच्या ओतणीत भंगार होतं," ती आता म्हणाली. "कुठल्या कुठल्या देशांचं. त्याचाच हा गोळा. एवढं कळत नव्हतं तुला?"

"बिगरविरजणाची भट्टी लावायची व्हय? बाप असता तर तोंडात मारली असती."

"आजोबांच्या लोखंडाचा कणसुद्धा त्यात उरलेला नाही. दर वेळी पन्नासातला एक भाग उरतो, असं दहा वेळा झालं की संपलं. साधं गणित आहे."

"दह्यात तरी पयलं दही कुठं उरतंय?" भरतेश म्हणाला. "म्हणून काय कोण विरजण टाकून देतंय? लई शिकलीस अक्का, पण दही लावायला न्हाई शिकलीस."

"मला तो गोळा दे. नवीन ओतणीचा. आणि आवारातलं सगळं जुनं लोखंड बाहेर काढ."

"न्हाई देत."

"मग फौंड्री बंद होईल."

"हूं दे."

दोघं एकमेकांसमोर अशी उभी होती, की मधे कोणी गेलं असतं तर भाजलं असतं. शेवटी दस्तगीर मिस्त्री मधे गेले.

"मालक, भट्टीच गेली तर विरजण घालायचं कशात? लोकांच्या घरातली पोरं शाळंला जात्यात. द्या."

भरतेश आतल्या खोलीत गेला. फडक्यात गुंडाळलेला गोळा घेऊन आला आणि बहिणीच्या हातात द्यायच्या ऐवजी त्याने तो तिच्या पायाजवळ टाकला. फरशीचा कोपरा उडाला.

"ने. वंशाला आग लावायला तूच उरली हुतीस."

एक गोष्ट पद्मजाने भावाला सांगितली नाही. हा नवा गोळा पुढच्या ओतणीत पडला असता, तर त्यातलं परकं लोखंड आपोआप इतकं पातळ झालं असतं की दिवा हिरवाच लागला असता. तिचंच गणित हे सांगत होतं. नियमाला गणित कळत नव्हतं, पण अधिकाऱ्याने लेखी शिफारस केली तर सूट मिळायची सोय होती. तिने शिफारस केली नाही. केंद्रात आल्यावर तिने स्वतः गोळा चूर्णयंत्रात घातला. यंत्र तासभर खडखडत राहिलं, खाली करडी पूड पडली आणि ती पूड आम्लात विरली. खरं सांगायचं तर तिला तेव्हा बरं वाटलं. दहा वर्षांच्या मुलीला आता कुठे न्याय मिळाला असं वाटलं, आणि त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

बिगरविरजणाच्या बॉड्या आल्या, त्या कोऱ्या पाटीसारख्या शुद्ध होत्या. दिवा हिरवा लागला. भरतेशने काचेपलीकडून प्रमाणपत्र उचललं आणि तो निघून गेला. शिरोलीतल्या बाकीच्या फौंड्र्यांनीही त्याचाच कित्ता गिरवला. भंगार कोणी घेईना. जो तो बेलमारचं बीड आणू लागला.

आणि पावसाळा सरता सरता मुंबईहून मुख्यालयातल्या केळुसकरांचा फोन आला. हे गृहस्थ कुठलीही वाईट बातमी चहाचं निमंत्रण दिल्यासारखी द्यायचे.

"मॅडम, खाणींच्या संग्रहात किरकोळ दुरुस्ती आहे. तुमच्या मशीनवर सकाळीच पाठवली. बेलमार आता भूमंडळात आहे."

पद्मजाला आधी अर्थच लागेना. "बेलमार? सगळी शिरोली बेलमारचं बीड ओततेय. तुम्हीच यादी दिलीत."

"तेव्हा बेलमार आपला होता. आता त्यांनी बंदर भूमंडळाला दिलं. मोठ्या लोकांची भांडणं, मॅडम. आपण काय, यादी चालवायची."

"आणि जो माल आधीच बोटीवर आहे?"

"उतरताना जी यादी लागू असेल ती."

भरतेशच्या बॉड्या बंदरातून परत आल्या. नियमाप्रमाणे पद्मजालाच त्या पुन्हा तपासाव्या लागल्या. कुंडलीने सांगितलं, हजारात हजार भाग परके. तिने आकडा दोनदा वाचला. पूर्वी भंगारातून ओतायचे तेव्हा मगदुमांच्या लोखंडात सगळ्या जगाचं थोडं थोडं होतं. कोणीही रुसलं तरी थोड्याचाच गुन्हा झाला असता. आता एकाच घरचं लोखंड होतं आणि ते घरच शत्रूचं ठरलं होतं. या खेपेला नष्ट करायला मूळ नव्हतं, मालच सगळा मूळ होता. मगदूम फौंड्रीचं नाव यादीतून गेलं आणि खाली सही होती डॉक्टर पद्मजा मगदूम यांची.

तिला वाटलं भाऊ येईल, शिव्या देईल, काच फोडेल. तो आला नाही. त्याने तिचा फोन उचलणंही सोडून दिलं.

आले ते दस्तगीर मिस्त्री. दुपारच्या सुट्टीत केंद्राच्या पायरीवर बसले, आत यायला तयार होईनात.

"भट्टी गार हाय महिनाभर," ते म्हणाले. "काम न्हाई असं न्हाई. गुऱ्हाळवाल्यांना लाट पायजेत, गावच्या नळयोजनेचे पंप हायत, गटारीची झाकणं हायत. ह्याची कुंडली कोण बघत न्हाई. भंगारबी मिळतंय, आता कोण घेत न्हाई म्हणून ढिगानं. पण मालक भट्टी लावंना."

"का?"

"विरजण न्हाई म्हणत्यात. म्या म्हटलं, घरात विरजण संपलं तर बायका शेजारनं मागून आणत्यात. गावात कुणाच्या विहिरीवर आपला जुना पंप असंल, त्यातला तुकडा आणतो. तर म्हणाले, शेजार कुठं उरलाय आता मिस्त्री."

पद्मजाला रडू आलं नाही, राग आला. बेलमारचा आला, केळुसकरांचा आला, वाढप्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो शिफारशीच्या त्या कोऱ्या कागदाचा. मागे वळून तिने काचेतून कुंडलीकडे पाहिलं. चकचकीत पांढरं अंग, आणि खाली चार काळे पाय. पायांवर 'म'.

"मिस्त्री," ती म्हणाली, "पाना आहे का तुमच्याकडे? मोठा?"

"गाडीत हाय. कशाला?"

"आत या. आज यावंच लागेल."

वीज बंद करून तिने जॅक लावला. दस्तगीर मिस्त्रींनी बोल्ट सोडवले. ते सोडवताना ते एकदाच थांबले. "मॅडम, नोकरी?"

"जाईल."

"तुरुंगबी हुईल."

"तुम्ही फक्त पाना दिलात. पाय मी काढलाय. तसंच सांगा."

पाय निघाला तशी कुंडली एका बाजूला झुकली आणि आत काहीतरी बारीक, महागडं मोडल्याचा आवाज आला. पाय दोघांनी मिळून बाहेर आणला. दारात चार फौंड्रीवाले नमुन्यांचे डबे घेऊन रांगेत उभे होते. त्यातल्या एकाने आत डोकावून पाहिलं.

"मशीन बंद काय मॅडम?"

"बंद."

"कवा सुरू हुणार?"

"नवा पाय फुटला की," पद्मजा म्हणाली आणि गाडीत बसली.

भरतेश गार भट्टीपाशी खुर्ची टाकून बसला होता. बहीण येताना दिसली तसा तो उठला आणि तिची वाट अडवून उभा राहिला.

"आता काय न्यायला आलीस? भिंती ऱ्हायल्यात."

दस्तगीर मिस्त्रींनी दोघा कामगारांकडून पाय जमिनीवर ठेवून घेतला. भरतेशने ठसा पाहिला. वाकून त्यावरून अंगठा फिरवला. हे कुठलं ओतकाम आहे ते त्याला सांगायची गरज नव्हती.

"चोरी हाय ही," तो म्हणाला.

"आहे."

"पोलीस येतील."

"येतील. त्याच्या आत भट्टी लाव."

"मला तुझं काय नको." त्याचा आवाज चढला. "तूच म्हणालीस नव्हं, त्यात आजोबाचा कणसुद्धा न्हाई? गणित सांगत हुतीस! मग कशाला आणलंस हे? आमची चेष्टा करायला?"

"गणित बरोबरच होतं," पद्मजा म्हणाली. "आणि दुसरं पण एक गणित होतं, ते मी तुला सांगितलं नाही. तो गोळा तसाच ठेवला असता तरी चाललं असतं. मला माहीत होतं. मी मुद्दाम दळला."

भरतेशचा हात उठला. दस्तगीर मिस्त्री पुढे झाले, पण हात तिथेच थांबला. त्याने तिला माफ केलं असं त्याच्या तोंडावर कुठेही दिसत नव्हतं, आणि तिने माफी मागितलीही नाही.

"का दळलास?" त्याने विचारलं.

"तुला कडेवर घेतलं होतं म्हणून."

भट्टीपाशी कामगार गोळा झाले होते. भरतेशने खाली बघितलं, मग भट्टीकडे बघितलं.

"आणि हे?" त्याने पायाकडे बोट केलं.

"विरजण ज्यानं खाल्लं, त्याच्याकडनंच परत मागून आणलंय. पहिलं दही नसू दे यात. दह्यात तरी कुठं उरतंय?"

भरतेशने दस्तगीर मिस्त्रींना खूण केली. बीड मजबूत असलं तरी ठिसूळ असतं. घणाचे तीन घाव पडले आणि पायाचा एक तुकडा सुटला, दोन हातांत मावेल एवढा. त्यावर अर्धा 'म' होता. मिस्त्रींनी तो सवयीने मालकासमोर धरला. भरतेशने घेतला, वजन बघितल्यासारखा हातात तोलला, आणि बहिणीच्या समोर जाऊन उभा राहिला. या खेपेला त्याने तो पायाशी टाकला नाही.

दूर हायवेवरून गाडीचा भोंगा ऐकू आला. केंद्राचीच गाडी असावी. पद्मजाने तिकडे मान वळवली.

"तिकडं काय बघतीस?" भरतेश खेकसला. "चप्पल काढ."